वरोशात पाऊल टाकता येतं, पण घरांत नाही

सायप्रसमधल्या फामागुस्ता शहराच्या वरोशा भागाबद्दल एक मजकूर फिरतोय: 1974 पासून तिथे माणूस फिरकलेला नाही, जेवणाची ताटंसुद्धा तशीच मांडलेली आहेत. हे अर्धसत्य आहे, आणि ताटांचं तर सोडाच.

ऑगस्ट 1974 मध्ये बेटावर उतरलेल्या तुर्की फौजा पुढे सरकल्या तेव्हा इथले ग्रीक सायप्रियट रहिवासी पळाले, हे खरं. लष्कराने कुंपण घातलं, हेही खरं. पण आतलं सामान पुढे लुटलं गेलं. आणि ऑक्टोबर 2020 पासून काही रस्ते व किनाऱ्याचा थोडा भाग लोकांसाठी खुला आहे. पायी किंवा सायकलवर फिरता येतं. इमारतींत शिरायला मात्र बंदी. मूळ रहिवाशांखेरीज इतरांना इथे वसवणं सुरक्षा परिषदेने 1984 च्या 550 क्रमांकाच्या ठरावात अमान्य ठरवलंय, त्यामुळे हे उघडणं वादग्रस्तच आहे.

नुसत्या पडक्या हॉटेलांसाठी जाणाऱ्यांनी जवळचा व्हेनिसकालीन कोट चुकवू नये. आतलं गॉथिक सेंट निकोलस कॅथेड्रल 1571 च्या उस्मानी विजयानंतर मशीद झालं. मला विचाराल तर खरं पाहण्याजोगं तेच.

आणि हो, बेटाच्या तुर्की ताब्यातल्या उत्तर भागातल्या एर्जान विमानतळावरून येणं सायप्रस प्रजासत्ताक, म्हणजे दक्षिणेतलं जगमान्य सरकार, बेकायदा प्रवेश मानतं.