कॅशलेस हवंच, पण निवड कोणाची?

कळव्याच्या एका अनुदानित शाळेत माझी मावसबहीण शिकवते. तिच्या स्टाफरूममध्ये सध्या एका संमतीपत्रावरून दोन तट पडले आहेत. त्यांच्या शिक्षक संघटनेने एका विमा कंपनीशी बोलून आरोग्याचा गटविमा आणला आहे. सही केली की हप्ता पगारातून कापला जाणार. काहींचं म्हणणं, संघटनेने सरकारशी भांडावं, पॉलिसी कसल्या विकताय? बाकीचे म्हणतात, सरकारची वाट बघत बसलो तर आमची निवृत्ती उजाडेल. मी न्यू जर्सीत सरकारी शाळेत गणित शिकवतो. इथे विमा हा संघटनेच्या कामाचा गाभाच आहे, म्हणून ताईचे मेसेज मी मन लावून वाचतो. मला दोन्ही तटांना एकच विचारायचं आहे: ही योजना निवडली तेव्हा तुमच्या वतीने कोण बसलं होतं, आणि त्यांना तिथे बसायला कोणी सांगितलं होतं?

आधी ठाण्यातलं दुखणं. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. तिचा पाया 1961 चे वैद्यकीय देखभाल नियम आणि त्यानंतरचे शासन निर्णय. खासगी रुग्णालयात उपचार घेतले तर आजार आकस्मिक किंवा गंभीर आजारांच्या यादीत बसावा लागतो. आणि पैसे आधी स्वतः भरायचे. अँजिओप्लास्टी करायची तर डिपॉझिट आज हवं. मग माणूस पतपेढीकडे धावतो, नाहीतर दागिने गहाण टाकतो. घरी आल्यावर फाइल सुरू होते: मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, प्रमाणपत्रं, मुख्याध्यापकांची सही, शिक्षणाधिकारी कार्यालय, जिल्हा शल्यचिकित्सकांची पडताळणी, वेतन पथक. सगळं पार पडलं तरी ‘तरतूद आली नाही’ हे उत्तर उरतंच. मिळालेल्या रकमेत पतपेढीचं व्याज धरलेलं नसतं. आजारपणातून उठलेल्या माणसाला महिनोन्महिने कार्यालयांच्या पायऱ्या चढायला लावणं हा अन्याय आहे, आणि तो इतका अंगवळणी पडलाय की कोणी त्याला अन्याय म्हणतही नाही. याच सरकारने पोलिसांसाठी 2005 मध्ये कुटुंब आरोग्य योजना आणली आणि कॅशलेस उपचारांची, म्हणजे पैसे आधी स्वतः न भरता उपचार घेण्याची, सोय केली. शिक्षकांसाठी का नाही?

याचं एक उत्तर मला चळवळीतच दिसतं. मार्च 2023 च्या संपात शिक्षक रस्त्यावर उतरले ते जुन्या पेन्शनसाठी. ती मागणी रास्तच होती. पण पेन्शनच्या मोठ्या सावलीत आरोग्याचा मुद्दा निवेदनाच्या तळाशी जाऊन बसतो.

इथे उलट आहे. न्यू जर्सीत 2007 च्या कायद्याने शाळा कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना वेगळी झाली आणि तिचं धोरण ठरवणाऱ्या आयोगावर शिक्षक संघटनांचे प्रतिनिधी कायद्यानेच बसतात. तरी 2011 मध्ये विधिमंडळाने कायदा करून हप्त्यातला शिक्षकाचा वाटा वाढवला. हा वाटा हप्त्याच्या टक्केवारीत होता, वरच्या पगाराला 35 टक्क्यांपर्यंत. विमा महागला की कपात वाढायची आणि पगारवाढ हातात पडायच्या आधीच संपायची. संघटनेने हा मुद्दा नऊ वर्षं सोडला नाही. 2020 च्या कायद्याने नवी योजना आली आणि त्यात कपात पगाराच्या टक्केवारीत ठरली. विमा महागला म्हणून शिक्षकाचा टक्का आपोआप वाढत नाही. अशा कलमासाठी टेबलावर जाणकार माणूस लागतो.

पण टेबलावर खुर्ची मिळाली म्हणजे सगळं मिळालं, असं मी म्हणणार नाही. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात कामगार संघटनांच्या समितीने 2018 मध्ये आरोग्यखर्चात बचतीचं वचन देऊन टाकलं. पुढे 2021 मध्ये त्या बचतीसाठी निवृत्तांना मेडिकेअरमधून, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, काढून खासगी कंपनीच्या योजनेत टाकायचं ठरलं. शिक्षक संघटनेच्या नेतृत्वाचा याला पाठिंबा होता. निवृत्त शिक्षक आपल्याच नेत्यांविरुद्ध उभे राहिले, काही कोर्टात गेले. जून 2024 मध्ये संघटनेच्या निवृत्त शाखेच्या निवडणुकीत नेतृत्वाचं पॅनेल हरलं आणि त्याच महिन्यात अध्यक्षांनी पाठिंबा काढून घेतला. वर्षभराने महापौरांनीही ती योजना सोडली. चर्चेला बसलेली माणसं नोकरीत होती आणि विमा बदलणार होता तो निवृत्तांचा, माझ्या मते खरी गोम तिथेच होती.

ताईच्या गटविम्यात मला हीच भीती वाटते. अनुदानित शाळेतला शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो आणि रुग्णालयाची गरज खरी त्यानंतर वाढते. गटविमा निवृत्तीनंतर चालू राहणार का? संमतीपत्रावर याबद्दल एक ओळ नाही. रूमच्या भाड्याला मर्यादा आहे का, हेही नाही. ही मर्यादा ओलांडली की अनेक पॉलिसींत खोलीभाड्याबरोबर बिलातले इतर काही खर्चही त्या प्रमाणात कापले जातात. ठाण्यात किंवा वाशीत खासगी रुग्णालयाची साधी खोली घेतली तरी ती ओलांडली जाऊ शकते. कोणत्या रुग्णालयांत कॅशलेस चालेल, याची यादीही जोडलेली नाही. केरळमध्ये जुलै 2022 पासून कर्मचारी आणि निवृत्तांसाठी मेडिसेप योजना आली, तेव्हा दरमहा 500 रुपयांत वर्षाला 3 लाखांचं संरक्षण होतं. तिथेही जवळची रुग्णालयं यादीत नाहीत ही तक्रार झालीच.

म्हणून संघटनेने विमा निवडण्यात भाग घ्यावा, अगदी हक्काने घ्यावा, पण विक्रेता होऊ नये. कंपनीकडून संघटनेला किंवा पदाधिकाऱ्याला एक रुपया जरी मिळणार असेल, तर तो सभेत जाहीर व्हावा. दोन-तीन कंपन्यांचे देकार सभासदांसमोर ठेवून मतदान व्हावं. निवड समितीत निवृत्त शिक्षक असावेत आणि दावा अडकला तर कोणाला फोन करायचा, त्या माणसाचं नाव छापलेलं असावं. सरकारकडची मागणीही सोडू नये. ठाणे जिल्हा कोकण शिक्षक मतदारसंघात येतो. विधान परिषदेत शिक्षकांनी निवडून दिलेला आमदार आहे. शिक्षकांसाठी कॅशलेस योजना आणा आणि तिच्या समितीत आमचे प्रतिनिधी घ्या, हे त्यांच्याकडे लेखी मागायला हवं.

त्या मागणीत विनाअनुदानित शाळांतले शिक्षकही असावेत. नवी मुंबईत अशा शाळा गल्लोगल्ली आहेत. तिथल्या शिक्षकांना प्रतिपूर्तीची ती कंटाळवाणी फाइलसुद्धा नशिबात नाही, आणि ताईच्या संमतीपत्रातही त्यांच्यासाठी जागा नाही.