पेत्र सेमिनरीत गेला नव्हता, म्हणून?

ठाणे, कळवा, ऐरोली आणि वाशी परिसरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश जोरात फिरत आहे. त्याचा आशय असा: येशूचा शिष्य पेत्र निरक्षर मच्छीमार होता, तो सेमिनरीत (पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) गेला नव्हता, कॅरी, स्पर्जन आणि मूडी या नामवंत ख्रिस्ती सेवकांनीही सेमिनरीची पायरी चढली नव्हती, पवित्र आत्मा शिकवत असताना माणसांकडून शिकण्याची गरज नाही, सेमिनरीत गेलेला तरुण विश्वास गमावून परततो, आणि पाळकपण ही तिथे निव्वळ नोकरी होऊन बसते. तेव्हा ज्याला पाचारण (सेवेसाठी देवाचे बोलावणे) झाले आहे त्याने तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करावा आणि सेवेला लागावे. पुण्याला सेमिनरीत जाण्याचा विचार करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हा संदेश आवर्जून पाठवला जातो, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

पेत्राविषयीचे विधान बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातील तेराव्या वचनावर आधारलेले आहे, पण संदेश लिहिणाऱ्याने ते वचन अर्ध्यावरच सोडले आहे. पेत्र व योहान अशिक्षित आहेत हे पाहून यहूदी धर्मसभेला आश्चर्य वाटले, हा त्याचा पूर्वार्ध. हे दोघे येशूच्या सहवासात होते हे सभेने ओळखले, हा उत्तरार्ध. सुमारे तीन वर्षे गुरूबरोबर राहणे, त्याला खाजगीत प्रश्न विचारणे, सेवेसाठी दोघादोघांनी पाठवले जाणे आणि परत येऊन काय घडले ते सांगणे, याला शिक्षण म्हणायचे नसेल तर कशाला म्हणायचे? शिवाय नव्या करारातील सर्वाधिक पत्रे ज्याच्या नावावर आहेत तो पौल गमलिएल या यहूदी धर्मगुरूच्या पायाशी शिकला होता, आणि तुरुंगात अखेरचे दिवस मोजत असतानाही त्याने आपला शिष्य तीमथ्य याच्याकडे झग्याबरोबर पुस्तके व चर्मपत्रे मागितली होती.

कॅरी, स्पर्जन आणि मूडी यांची नावे ज्याने कोणी या यादीत घातली, त्याने त्यांची चरित्रे बहुधा शेवटपर्यंत वाचली नसावीत. विल्यम कॅरी जोडे शिवणारा कारागीर होता, हे खरे. पण त्याच दुकानात बसून तो लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकला. १८०५ मध्ये त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ मध्ये मराठी नवा करार सेरामपूरहून बाहेर पडला. (हे सेरामपूर बंगालमधले, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याची गल्लत होते.) त्याच गावी १८१८ मध्ये मार्शमन आणि वॉर्ड या सहकारी मिशनऱ्यांसह त्याने कॉलेज काढले, आणि आज देशातील अनेक प्रोटेस्टंट सेमिनऱ्यांच्या पदव्या सेरामपूरच्याच सिनेटकडून मिळतात. स्पर्जनने १८५६ मध्ये लंडनला पाळकांसाठी कॉलेज सुरू केले आणि मूडीने १८८६ मध्ये शिकागोला बायबल इन्स्टिट्यूटचा पाया घातला. स्वतःला जे मिळाले नाही ते पुढच्यांना मिळावे म्हणून ज्या तिघांनी शाळा काढल्या, त्यांनाच शाळेविरुद्ध साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले आहे.

पवित्र आत्मा शिकवतो, हे कोणताही विश्वासणारा नाकारणार नाही. त्यासाठी योहानाच्या पहिल्या पत्रातील दाखला दिला जातो, पण कोणी शिकवण्याची गरज नाही असे लिहिणारा योहान स्वतः त्याच पत्रात पाच अध्याय शिकवतो आहे. आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आत्मिक जागरण झाले, आणि त्याच रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक समोर ठेवून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याच्या अखेरपर्यंत खपत होत्या. ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्म्याचा अनुभव आला म्हणून त्यांनी कोश मिटून ठेवले नाहीत.

विश्वास गमावण्याच्या भीतीत थोडे तथ्य आहे. बायबलच्या हस्तलिखितांमधील फरक किंवा त्यातील एखाद्या पुस्तकाच्या लेखकाविषयीचा वाद पहिल्यांदा कानावर पडला की विद्यार्थी हादरतो. पण हेच प्रश्न आज घोडबंदर रोडवरच्या कॉलेजकुमाराला मोबाइलवर भेटतात, आणि तिथे शेजारी शिक्षक नसतो, सकाळची उपासना नसते, रात्री वाद घालायला वसतिगृहातला सोबती नसतो.

आता तीन महिन्यांच्या कोर्सविषयी. ऑनलाइन किंवा दूरशिक्षण मुळातच वाईट आहे असे नाही. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या सभासदांसाठी सेरामपूरच्या सिनेटचेच तसे अभ्यासक्रम आहेत. मात्र पाळक तयार होण्यासाठी कोणीतरी त्याच्या चुका समोरासमोर दाखवाव्या लागतात. आमच्या मंडळीत सुट्टीतील सेवाकार्यासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याने वर्गात तपासलेला आपला उपदेश दाखवला होता. पानभर लाल शेरे होते आणि तीन ठिकाणी एकच प्रश्न होता: ‘हे वचनात कुठे आहे?’ ज्याला हा प्रश्न कधी कोणी विचारलेलाच नसतो, तो कॅन्सरच्या रुग्णाच्या उशाशी उभा राहून, विश्वास कमी पडला म्हणून आजार बरा होत नाही, असे बिनदिक्कत सांगून मोकळा होतो. नवी मुंबईतील एका घरात हे माझ्यादेखत घडले आहे. बायबलमधील दुःखी ईयोबाला पापाचा दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांची चूक काय होती किंवा हा कोणाच्या पापामुळे आंधळा जन्मला असे विचारणाऱ्या शिष्यांना येशूने काय उत्तर दिले, हे त्या उपदेशकाला कोणी नीट बसवून शिकवले असते, तर त्या बाईला आजाराच्या जोडीला अपराधीपणाचे ओझे वाहावे लागले नसते. ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस गप्प बसले होते, एवढे तरी त्याने वाचायला हवे होते.

राहिला पाळकपण नोकरी होऊन बसते हा आक्षेप. पैसे मोजून नावामागे ‘डॉक्टर’ लावून देणारी दुकाने आहेत, आणि पदवीकडे निव्वळ पगाराची शिडी म्हणून पाहणारेही आहेत. परंतु पदवी मिळाली म्हणजे आपोआप पाळकपदाची दीक्षा मिळते, असे आपल्या मुख्य प्रोटेस्टंट चर्चमध्ये होत नाही. उमेदवाराची पारख चर्च स्वतंत्रपणे करते आणि काही काळ त्याचे काम पाहते. सेमिनरीच्या प्रवेश अर्जाबरोबरही सहसा घरच्या मंडळीचे शिफारसपत्र मागितले जाते. ते पत्र आपणच देतो, अनेकदा मुलगा भला आहे आणि बाप जुना सभासद आहे एवढ्यावरच देतो. पाचारण नसलेला कोणी सेमिनरीत पोहोचला असेल, तर त्याचा जाब आधी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आपल्या पंचकमिटीला विचारला पाहिजे.