आधी ऑफसेट सांगा, मग लूकचं बोला

पुण्यात लिफ्ट केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन उंच केलेल्या, गाडीला टायर आणि रिम घ्यायला निघा, पहिला प्रश्न ठरलेला: "सर, लूक कसा पाहिजे?" गाडी कुठे चालवता, सामान किती भरता, लिफ्ट किती आहे, बंपर कंपनीचाच आहे की बदललाय, यातलं अवाक्षर कुणी विचारत नाही. नाना पेठेतल्या गाळ्यांपासून चिंचवडच्या काचेच्या शोरूमपर्यंत सगळीकडे तेच. तीन मोबाईल समोर धरतात, काळ्या रिमचे फोटो सरकवतात, आणि त्यातलं एक बोटाने दाखवायचं. एवढ्यावर लाखभराचा व्यवहार!

संताप येतो तो यासाठी की हे पुणे आहे. इथे वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था, 1966 पासून. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत गाड्यांचे कारखाने आहेत. घरटी एक माणूस या ना त्या प्रकारे गाड्यांच्या धंद्यात. आणि इथे रिम विकणाऱ्याला आपल्याच मालाचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसणार तो आकडा, सांगता येत नाही? लाज वाटायला हवी.

माझ्याकडे मारुतीची पाचदारी जिम्नी आहे, दोन इंच लिफ्ट केलेली. "दोन इंच उचललीय ना सर, मग आता कुठलंही टायर बसेल," हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलंय की आता डोक्यात तिडीक जाते. अहो, कसं बसेल? या गाडीला पुढे-मागे अखंड, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे एकाच दांड्याचे, अ‍ॅक्सल आहेत. लिफ्टने चॅसी आणि बॉडी वर जाते, अ‍ॅक्सल आणि त्याच्यावरचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, होता तिथेच राहतो. लिफ्टचा फायदा पोटाला होतो. या गाडीचा व्हीलबेस 2590 मिलिमीटर आणि ब्रेकओव्हर कोन 24 अंश, त्यामुळे उंचवट्यावर पोट टेकतं, ते लिफ्टने सुटतं. पण राजमाचीच्या वाटेवर दगड डिफरन्शियलवर आपटतो तेव्हा लिफ्ट काहीही कामाची नाही. तिथे टायरच मोठं लागतं, आणि वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उंची पदरात पडते. कंपनीचं 195/80 आर 15 टायर 693 मिलिमीटर व्यासाचं. 235/75 आर 15 घातलं तर साधारण 733. म्हणजे व्यास 40 ने वाढला आणि अ‍ॅक्सलखाली जागा मिळाली 20 मिलिमीटर. त्या दोन सेंटिमीटरच्या बदल्यात काय काय जातं, हे गिऱ्हाईकाला सांगायची जबाबदारी कुणाची?

गिअरिंग पावणेसहा टक्क्यांनी लांब होतं. दीड लिटरचं इंजिन, 134 न्यूटन मीटर टॉर्क, त्यावर चारही चाकांचं वाढलेलं वजन. पाबे घाटात दुसऱ्यात चढणारी गाडी पहिला मागायला लागते. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला लागतो आणि ब्रेकवर ताण येतो तो वेगळाच. शिवाय 235 रुंदीच्या त्या टायरला किमान सहा इंच रुंद रिम लागतं, कंपनीचं आहे साडेपाच इंची. "चढतं सर, आम्ही चढवलंय." चढतं म्हणजे काय? लोखंडी पट्टी घालून दाबलं की चढणारच! उद्या हवा कमी करून चिखलात घातल्यावर बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, सुटली तर हा येणार आहे का वेल्ह्याला जॅक घेऊन?

आणि लिफ्टनंतर, चाकांचा दांडा आडवा धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. डावीकडे एका बोटाची जागा, उजवीकडे दोन बोटांची. कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागचा कल, कमी झाल्याने स्टेअरिंग भिरभिरतं. आधी अ‍ॅक्सल मधोमध आणायचा, कॅस्टर दुरुस्त करायचा, मग जागा मोजायची आणि त्यानंतर टायर निवडायचं, हा क्रम आहे. इथे आधी टायर, मग घासणं, आणि शेवटी कटर!

आता रिमचं ऐका. मी सात इंची रिम मागवले, ऑफसेट झिरो. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, उत्तर आलं, "हो सर, झिरोच आहे." त्यावर आगाऊ रक्कम दिली. माल आल्याचा फोन आला म्हणून गेलो, रिम उलटं करून स्पोकच्या मागे टॉर्च मारला. पावडर कोटिंगखाली अर्धवट बुजलेली अक्षरं: 15 बाय 7 जे, त्याच्याखाली ईटी, म्हणजे ऑफसेट, उणे 25.

"अहो, हे उणे पंचवीस आहे. तुम्ही झिरो सांगितलं होतंत."

"सर, तेवढ्याने काही होत नाही. उलट गाडी भरलेली दिसेल. सगळे हेच टाकतात."

"आणि पूर्ण वळवल्यावर बंपरला घासलं तर?"

"घासलं तर कापून देऊ ना!"

कापून देऊ! माझी गाडी, माझा बंपर, आणि यांच्या चुकीच्या मालासाठी तो कापायचा!

ऑफसेट म्हणजे काही गूढ विद्या नाही. रिमच्या रुंदीच्या मधली रेघ आणि चाक ज्यावर बसतं त्या हबला टेकणारी बाजू, यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये. जिम्नीचं मूळ रिम साडेपाच इंची, ऑफसेट अधिक 5. सात इंची झिरोने बाहेरची कड सुमारे 24 मिलिमीटर बाहेर येते. उणे 25 ने येते 49. दोन्ही बाजूंना जवळजवळ पाच-पाच सेंटिमीटर! चाक जितकं बाहेर, तितका वळताना टायर फिरतं तो घेर मोठा. सस्पेन्शनचा आतला आर्म मोकळा होतो आणि टायर बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे फेंडरच्या पत्र्याला भिडतं. बेअरिंगवर भार वाढतो, प्रत्येक खड्डा स्टेअरिंगमधून मनगटापर्यंत येतो, पावसात चिखलाचा फवारा थेट दारांवर आणि आरशांवर. हे सगळं "भरलेलं दिसण्या"साठी?

मी रिम घेतले नाहीत. पैसे परत मागितले तर त्याने भिंतीकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. अरे, पण ठरलेला माल तू विकलासच कुठे? सांगितलं एक, आणलं दुसरं, आणि वर बोर्ड दाखवतोस! झिरो लिहिलेला तो मेसेज माझ्याकडे आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करताना तोच पहिल्या पानावर लावणार आहे. रक्कम किती हा प्रश्नच नाही. विचारल्यावर खोटं उत्तर देऊन पैसे घेतले, हे मला पचत नाही.

आणि हे मोजायला अवघड असतं तर एक वेळ मी गप्प बसलो असतो. भवानी पेठेत एका छोट्या शेडमध्ये एक म्हातारे चाचा आहेत. त्यांनी माझं जुनं स्टीलचं रिम जमिनीवर पालथं घातलं, कडेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीपासून हबच्या बाजूपर्यंत टेप सोडली. बॅकस्पेसिंग मिळालं. रुंदी मोजली, त्याच्या निम्मी वजा केली, ऑफसेट हातात. दोन मिनिटं. मग स्वतःच म्हणाले, "बेटा, मधलं भोक पण बघ. तुझ्या हबचं 108 आहे. मोठं असेल तर रिंग लागेल, नाहीतर ऐंशीच्या पुढे हादरेल." ना एसी, ना कॉफीचं मशीन, एक पट्टी आणि एक टेप. शोरूमवाल्यांना एवढं जमत नाही? जमतं. पण मोजलं तर पडून असलेला माल कुणाच्या गळ्यात मारणार!

बसवतानाही तीच तऱ्हा. हवेच्या गनने नट करकचून आवळायचे, टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून आवळायचा पाना, भिंतीवर धूळ खात लटकलेला. "गनने फिट्ट बसतं सर." नंतर रस्त्यात पंक्चर झालं आणि गाडीतल्या पान्याने नट हलला नाही, की आपण भर पावसात त्या पान्यावर उभे!

टायर कुठल्या जातीचं, याचा तर आनंदच आहे. चिखल म्हटलं की एमटी, म्हणजे खास चिखलाचं मड-टेरेन टायर, गळ्यात. आमच्या सह्याद्रीत चिखल आहे तसाच बेसॉल्टही आहे, ओला, शेवाळलेला. त्यावर एमटीच्या मोठ्या ठोकळ्यांपेक्षा बारीक चिरा असलेलं एटी, म्हणजे सगळ्या जमिनींसाठीचं ऑल-टेरेन, जास्त चांगलं धरतं. आणि राजमाचीला पोचायला आधी ओला डांबरी रस्ता कापावा लागतो, तिथे ब्रेक लावताना एमटी लांब जातं. एकाने मला बाजूवरचं डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह दाखवून भाव वाढवला. ते बर्फासाठीचं मानांकन आहे, ताम्हिणीत बर्फ पडत नाही! दुसऱ्याने एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या बांधणीचं, 104 लोड इंडेक्सचं टायर पुढे केलं. म्हणजे एका टायरला 900 किलो. माझी रिकामी गाडी सगळी मिळून बाराशे किलोच्या आसपास. त्या कडक भिंतींवर पाठ कुणाची मोडणार? तारखेचं विचारलं की चेहरे पडतात. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचायला वाकलात की लगेच, "सर, रबर आहे, खराब थोडंच होतंय."

कायद्याचं तर नावच काढायचं नाही. "कोण बघतंय?" मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांवर स्पष्ट निकाल दिलाय. कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ते सगळं गाडीच्या मालकावर. विकणारा मात्र गप्प. चाकं फेंडरच्या बाहेर काढून देणाऱ्याने हे गिऱ्हाईकाला निदान एकदा तोंडाने सांगावं, एवढी अपेक्षाही जास्त आहे का?

शेवटी मी 215/75 आर 15 घेतलं, एटी, कंपनीच्याच स्टीलच्या रिमवर. व्यास 703, साडेपाच इंचावर नीट बसतं, वळताना कुठे लागत नाही. दुकानातल्या पोराचं तोंड वाकडं. "एवढंच? फरक दिसणार पण नाही." आणि मी पाच टायर म्हटल्यावर तर त्याला मी वेडाच वाटलो. "चार घ्या की सर, स्टेपनी कुठे वापरता?"

कुठे वापरतो? अरे, जिथे टायर फाटतं तिथे! आणि तिथे गाडी फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडमध्ये, असते. या गाडीला मध्ये डिफरन्शियल नाही, पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले. एका चाकाला कमी व्यासाचं टायर लावून कडक जमिनीवर फोर-हायमध्ये चालवा, सगळा पीळ पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. तुम्ही 235 विकता तेव्हा मागच्या दारावरची स्टेपनी चार सेंटिमीटर कमी व्यासाची उरते, आणि विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पाचवं टायर विकलं तर धंदा तुमचाच वाढतो, तरी तोंडातून निघत नाही, कारण स्टेपनीला कव्हर असतं आणि ती फोटोत येत नाही.