बिघडलंय ते दिसतं. का बिघडलंय, ते कुणी सांगायचं?

मागच्या रविवारी बाबांच्या कॉम्प्युटरमधला नाण्याएवढा एक सेल बदलला. कॅबिनेटचे दोन स्क्रू, आत एक छोटी खिट्टी, दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांआधी तीन आठवडे वाया गेले होते. ते कसे गेले हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तक्रार अशी होती की कॉम्प्युटर सुरू होतो, जुने फोटो उघडतात, गाणी वाजतात, इंटरनेट मात्र चालत नाही. कुठलीही वेबसाइट उघडायला गेलं की पानभर इशारा: कनेक्शन सुरक्षित नाही. बाबा घाबरले. त्यांना वाटलं व्हायरस शिरला, आता बँकेचा पासवर्ड गेला. त्यांनी नेटची केबल उपसून ठेवली आणि कॉम्प्युटरला हात लावणंच सोडलं. मी लांबून फोनवर सांगत होते, राउटर बंद करून चालू करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा, अँटिव्हायरस चालवा. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं केलं, वहीत लिहून घेऊन केलं. एका जाणकाराने सांगून टाकलं, मशीन म्हातारं झालंय, नवीन घ्या. आणि बाबा दर फोनला एकच वाक्य म्हणायचे, "मीच काहीतरी चुकीचं बटण दाबलं असणार."

शेवटी मी स्वतः समोर जाऊन बसले. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१२.

एवढंच होतं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. बाबांचं मशीन २०१२ सालात बसलं होतं. त्याच्या हिशोबाने ती सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची होती, म्हणून ते प्रत्येकाला दारातून परत पाठवत होतं. नेटवरून घड्याळ आपोआप जुळवून घेण्याची सोय असते, पण फरक काही तासांचा असेल तर ती चालते. इतक्या वर्षांचा फरक दिसला की ती वेळ बदलतच नाही.

तारीख मागे का गेली? मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, एक लहानसं घड्याळ असतं. कॉम्प्युटर बंद असतानाही ते चालतं, ते या बटन सेलवर. आत क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मला फार आवडतो, कारण त्याला दोनाने पंधरा वेळा भागलं की बरोब्बर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. सेल संपला की वीज गेल्यावर हे घड्याळ थांबतं आणि पुन्हा सुरू करताना मशीन कारखान्यात ठरवून दिलेल्या तारखेवर जाऊन बसतं. मल्टिमीटर लावला तर ३ व्होल्टच्या सेलमध्ये जेमतेम २ उरले होते. नवीन सेल घातला, तारीख लावली, पहिली वेबसाइट उघडली. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले आणि तीन आठवड्यांची साचलेली मेल वाचायला लागले. मला त्या क्षणी झालेला आनंद नवीन लॅपटॉप घेतानाही झाला नव्हता.

पण घरी परतताना राग यायला लागला. सेल संपला याचा राग नाही, सेल संपणारच. राग याचा की त्या मशीनला सगळं ठाऊक होतं. आपलं घड्याळ काय म्हणतंय ते ठाऊक होतं, प्रमाणपत्रावरच्या तारखा समोर होत्या. 'तुमच्या कॉम्प्युटरची तारीख चुकलेली दिसते' एवढं एक वाक्य आलं असतं तर बाबांनी स्वतः ती दुरुस्त केली असती. सुरू होताना काळ्या स्क्रीनवर क्षणभर एक ओळ चमकायची म्हणे, पण ती वाचेपर्यंत वर लोगो यायचा. ती ओळ झाकून तिथे लोगो दाखवावा असं कुणालातरी वाटलं, हे मला अजून पचत नाहीये. आता काही ब्राउझर अशा वेळी सरळ सांगतात की तुमचं घड्याळ मागे आहे. ज्या कुणी ते वाक्य लिहिलं त्याचे मी मनापासून आभार मानते. त्याने किती जणांचे किती दिवस वाचवले असतील.

यंत्राने कारण लपवलं की माणूस स्वतःला दोष देतो. बाबांनी दिला. आईनेही दिला होता. तिच्या फोनची चार्जिंगची पिन नीट बसेना, जरा हलली की चार्जिंग बंद. "मागे माझ्या हातून पडला होता ना, तेव्हाच मोडलं असणार," असं म्हणत ती महिनाभर फोन एका विशिष्ट कोनात उशीला टेकवून चार्ज करत होती. टॉर्च मारून बघितलं तर पोर्टच्या तळाशी खिशातला आणि पर्समधला कापूस चेपून घट्ट बसला होता. फोन बंद केला, लाकडी टूथपिकने हळूहळू तो बाहेर काढला (धातूची पिन किंवा सुई कधीही घालू नका, आतले संपर्क बिघडतात), आणि पिन 'टक्' करून बसली. तो 'टक्' आवाज ऐकून आईचा चेहरा असा खुलला की बस.

प्रिंटरचंही तेच. समोर दिवा लागलेला असतो, कागद भरलेला असतो आणि कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर ऑफलाइन. बहुतेक वेळा झालेलं इतकंच असतं की राउटरने प्रिंटरला नवा नेटवर्क पत्ता दिलाय आणि कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारतोय. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. माझ्याकडे तेव्हापासून ही कटकट बंद झाली.

आता केबलबद्दल, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय. बाबांच्या त्या सेलचं नाव सीआर२०३२. त्यातलं सी हे आतल्या लिथियमच्या रसायनाचं अक्षर, आर म्हणजे गोल, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. नावातच सगळं सांगून मोकळा. कुठल्याही कंपनीचा आणा, बसणार. आणि आता त्याच्या शेजारी एक यूएसबी-सी केबल ठेवा. तिच्यावर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं.

यूएसबी १९९६ साली आली. त्याआधी कीबोर्डला एक पोर्ट, प्रिंटरला वेगळा, मोडेमला तिसराच. तो गोंधळ संपवणं हे मोठं काम होतं. जुनी चपटी पिन एकाच बाजूने बसायची आणि आपण ती उलटसुलट करून बघायचो. त्या कामात पुढाकार असलेले इंटेलचे अजय भट्ट यांनी नंतर सांगितलं की दोन्ही बाजूंनी बसणारी पिन केली असती तर तारा आणि सर्किट दुप्पट लागली असती, खर्च वाढला असता. हे कारण मला पटतं. २०१४ साली यूएसबी-सी आली, २४ संपर्कांची, कशीही धरा बसणारी. पिनचा प्रश्न सुटला. पण आता बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन केबलींतली एक सेकंदाला ४८० मेगाबिट नेते आणि दुसरी १० गिगाबिट, म्हणजे वीसपटीहून जास्त. एक ६० वॉटच्या पुढे वीज देत नाही, दुसरी, आत छोटी चिप असलेली, २४० वॉटपर्यंत देऊ शकते. डोळ्यांना फरक शून्य.

मी बाहेरून जोडायच्या एसएसडीवर (चिपवर साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हवर) २०० जीबी फोटोंचा बॅकअप घेत होते. दीड तास लागायचा. मला वाटायचं ड्राइव्ह हळू आहे, वर्षभर तेच समजत राहिले. एक दिवस सहज दुसरी केबल लावली आणि तेच काम पाच मिनिटांत झालं. पहिली केबल फोनच्या चार्जिंगसाठी आलेली होती, आत वेगाच्या तारा नव्हत्याच. त्या संध्याकाळी ड्रॉवर पलंगावर रिकामा केला, सगळ्या केबली एकेक करून तपासल्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवली: 'फक्त चार्जिंग', '१० गिगाबिट', 'लॅपटॉपला चालते'. वेग आणि वॅट छापायची अधिकृत चिन्हं अस्तित्वात आहेत, पण माझ्या अख्ख्या ड्रॉवरमध्ये ती छापलेली केबल एकच निघाली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनना यूएसबी-सी सक्तीची केली हे चांगलंच झालं. केबलीवर तिची कुवत ठळक छापणंही असंच सक्तीचं हवं, असं माझं ठाम मत आहे.

'बंद करून चालू कर' या सल्ल्यालाही लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीत, दिवसेंदिवस साचलेला गुंता वीज गेली की पुसला जातो आणि सगळे प्रोग्रॅम कोऱ्या पाटीवर सुरू होतात, त्यामागे एवढं साधं कारण आहे. फक्त एक लक्षात ठेवा. विंडोजमध्ये २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. गुंता खरंच पुसायचा असेल तर 'रिस्टार्ट' निवडा. टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बघा, रोज बंद केलेला कॉम्प्युटर कित्येक दिवस सलग चालू असल्याचं दिसेल.

आणि कारण कळूनही हात बांधलेले असतील, तर त्याचा त्रास आणखी वेगळा. बाबांचा सेल खिट्टी दाबली की बाहेर आला. माझ्या स्वतःच्या फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली आहे, रॅम लॅपटॉपच्या बोर्डला डाख देऊन बसवलेली आहे. लिथियम आयन बॅटरी काही वर्षांत थकते हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग ती बदलता येऊ नये अशी बसवायची कशाला? २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, असा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातला आकडा आहे, आणि त्यातला एक चतुर्थांशही नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. त्या ढिगात कितीतरी मशीन एका सेलमुळे, एका बॅटरीमुळे, पोर्टमधल्या कापसामुळे जाऊन पडली असतील. बाबांचंही पडलं असतं, 'नवीन घ्या' तर सांगून झालंच होतं.

कॅबिनेटचं झाकण लावताना आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. सेलचं नाव, बदलल्याची तारीख आणि 'तारीख मागे गेली तर आधी हा बघा'. बाबांनी त्याचा फोटो काढून ठेवला.

काल त्यांचा फोन आला. स्पीकरमधून आवाज येत नव्हता. काहीतरी चुकीचं दाबलं असेल, असं या वेळी म्हणाले नाहीत. म्हणाले, "आवाज हेडफोनकडे जातोय असं दिसतंय मला इथे. तो स्पीकरकडे वळवायचा कुठून, तेवढं सांग."