पिशवी काढली की सुटका? कोणती पिशवी?

आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज परवा तिसऱ्यांदा येऊन पडला. “शिंकताना, खोकताना लघवी सुटणे हे बाळंतपणाचे देणे आहे. व्यायामाने काही होत नाही. पाणी कमी प्या, लघवीची धार मध्येच रोखायचा सराव करा, आणि चाळिशीनंतर पिशवी काढून टाका, सुटका होते.” खाली अकरा जणींचे हात जोडलेले.

आधी पाण्याचं. वणीच्या गडावर जायचं म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यातली एक मीच. पाणी तोडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई उलट वाढते. वर बद्धकोष्ठ. कुंथलं की ताण लघवी धरून ठेवणाऱ्या खालच्या स्नायूंवर. कमी करायचाच असेल तर चहा कमी करा.

धार रोखणं म्हणजे नेमका कोणता स्नायू, हे कळण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक. रोज केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. आणि गंमत बघा, व्यायामाने काही होत नाही म्हणणारा मेसेज त्याच दमात व्यायामच सांगतोय, तोही चुकीचा!

आता मुख्य मुद्दा. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली हे खालचे स्नायू आवळण्या-सोडण्याच्या व्यायामावर लिहिलं, तेव्हापासून त्याची भरपूर तपासणी झाली आहे. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, खोकताना-शिंकताना गळणाऱ्या बायकांपैकी व्यायाम केलेल्या शंभरातल्या ५६ जणींनी त्रास गेल्याचं सांगितलं. न केलेल्यांत ६ जणींनी. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण “काही होत नाही”?

मग इतक्या जणी “करून पाहिलं, फरक नाही” का म्हणतात? मी दोन महिने चुकीचंच करत होते. आत-वर ओढायच्या ऐवजी श्वास कोंडून खाली जोर देत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखवलं तेव्हा कळलं: लघवी आणि वात दोन्ही एकदम रोखल्यासारखं ओढायचं, पोट-मांड्या-नितंब सैल, श्वास चालू. मग तेवढाच वेळ पूर्ण ढिलं सोडायचं. हे सोडणं आपण विसरतोच. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आठवड्याभरात सोडून दिलं तर दोष व्यायामाचा नाही. शिंक येतेय असं वाटलं की आधीच आवळायचं, ही युक्ती मला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सगळ्यात आधी उपयोगी पडली.

दाराची कडी काढेपर्यंत धीर निघत नाही, हा त्रास वेगळा. तिथे या व्यायामासोबत दोन लघव्यांमधलं अंतर हळूहळू वाढवायचा सराव लागतो. जळजळ, लघवीत रक्त, खाली काही उतरल्यासारखं वाटणं असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

राहिली पिशवी. आपल्याकडे गर्भाशयही पिशवी आणि मूत्राशयही पिशवी, त्यातून हा घोळ. लघवी मूत्राशयातून गळते. गर्भाशय काढणं हा त्यावरचा उपचार नाही. २००७ साली स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात तर दिसलं, की गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे लघवी गळण्यासाठी शस्त्रक्रिया करायची वेळ जास्त आली.

पंचवटीतल्या माझ्या काकूंची पिशवी गाठींमुळे काढली, त्याला दहा वर्षं झाली. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, निघाल्या की अजूनही पर्समध्ये दोन पॅड असतात.