'मोबाईल आहे ना, मग संगणक कशाला?' या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस ठाणे-कळव्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'गरिबांच्या मुलांना संगणक वाटणं बंद करा.' म्हणणं असं की, झोपडीझोपडीत स्मार्टफोन आहे, यूट्यूबवर सगळं फुकट आहे, ज्याला शिकायचंय तो आपोआप शिकतो. मराठी माध्यमाच्या मुलांना कोडिंग झेपत नाही, आता एआयच कोड लिहितं, आणि दान केलेले संगणक धूळ खात पडतात. एरवी मी असलं काही वाचून सोडून देते. पण हा मेसेज माझ्या काकांपर्यंत पोचला. नवी मुंबईतल्या दिघ्यातल्या ज्या अभ्यासिकेत मी रविवारी संगणक शिकवते, तिच्यासाठी ते सोसायटीतून जुने लॅपटॉप गोळा करत होते. परवा म्हणाले, "अगं, त्यांच्याकडे मोबाईल आहेत की. उगाच कशाला?" आणि गोळा करणं थांबवलं.

आधी मोबाईलचंच बघू. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत 2023 मध्ये ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची माहिती घेतली. जवळपास 90 टक्के घरांत स्मार्टफोन सापडला, मेसेजवाल्याचं इथपर्यंत बरोबर. पण फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्क्यांकडेच स्वतःचा फोन होता आणि मुलींमध्ये फक्त 19.8 टक्क्यांकडे. संगणक किंवा लॅपटॉप होता 9 टक्के घरांत. घरी संगणक असलेल्यांपैकी 85 टक्क्यांना तो चालवता येत होता, नसलेल्यांपैकी 33.9 टक्क्यांना. फोन तर बहुतेक सगळ्यांच्याच घरी होता. त्यावर संगणक शिकता येत असता तर एवढी तफावत पडलीच नसती.

पाहणी ग्रामीण आहे, दिघा शहरात आहे, हे मान्य. पण दिघ्याच्या इलठणपाडा वस्तीतही घरातला एकुलता एक फोन बापाबरोबर रबाळ्याच्या कंपनीत जातो आणि सेकंड शिफ्ट असली की रात्री उशिरा परत येतो.

आणि फोन हातात आला तरी काय होतं? आमच्याकडच्या नववीतल्या एका मुलीने फोनवर पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा, लिहायला घेतलं. कीबोर्डनेच अर्धी स्क्रीन खाल्ली. तिने 'प्रिंट' टाईप केलं, फोनने आपणहून पहिलं अक्षर कॅपिटल केलं. पायथनला ते चालत नाही, एरर आली. तिने पुन्हा लिहिलं, फोनने पुन्हा तेच केलं. आपल्यालाच जमत नाही असं तिला वाटायला लागलं. चूक तिची नव्हतीच. तेवढ्यात आईसाठी कॉल आला आणि फोन गेला. लॅपटॉपवर बसली तेव्हा तोच प्रोग्राम तिने चालवून दाखवला. सेव्ह केलेली फाईल कुठे जाते, फोल्डर म्हणजे काय, एक्सेलमध्ये बेरीज कशी लावायची, हे फोनवर धड शिकता येत नाही. साध्या ऑफिसच्या नोकरीत पहिल्या दिवसापासून लागतं ते हेच.

'आपोआप शिकतो' यासाठी मेसेजमध्ये शिक्षण-संशोधक सुगाता मित्रांच्या प्रयोगाचा दाखला आहे. 1999 मध्ये दिल्लीच्या कालकाजीत त्यांनी भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं स्वतःच तो वापरायला शिकली, हे खरं आहे. पण त्या भिंतीत संगणक होता! तोच देऊ नका म्हणणाऱ्याने हा दाखला द्यावा? शिवाय पुढे याच मित्रांनी ब्रिटनमधल्या निवृत्त शिक्षकांना स्काइपवरून भारतातल्या मुलांशी जोडून दिलं, मुलांशी बोलायला, त्यांना हुरूप द्यायला.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती मराठी माध्यमाच्या मुद्द्याची, कारण हे वाक्य मुलांच्या कानावर पडतं आणि त्यांना खरं वाटतं. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते, आज ऐरोलीत आयटी कंपनीत काम करते. पायथनचे राखीव शब्द, म्हणजे 'इफ', 'एल्स' असे ठरलेल्या अर्थाचे इंग्रजी शब्द, सगळे मिळून 35. 'एलबीडब्ल्यू' आणि 'थर्ड मॅन' कळणाऱ्या पोरांना 'इफ' आणि 'एल्स' का कळू नये? अडचण येते ती इंग्रजीतून समजावलेलं न कळण्याची. मग मराठीतून समजवा! एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, 2021 मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडमधल्या एका महाविद्यालयात मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरूही झालं.

एआय कोड लिहितं, हो. ते बरोबर आहे की नाही हे तपासायला कोड वाचता यावा लागतो. यापेक्षा जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

राहिला धुळीचा मुद्दा. तो मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. पेरूमध्ये 319 प्राथमिक शाळांत लॅपटॉप वाटपाचा अभ्यास झाला. 2012 च्या त्या अहवालात गणित आणि भाषेच्या गुणांत सुधारणा दिसली नाही. आपल्याकडेही उद्घाटनाचा फोटो निघतो आणि खोलीला कुलूप लागतं. पण त्यावरून संगणक देऊच नका हा निष्कर्ष कसा निघतो? बंद पडलेली बॅटरी कोण बदलणार, शिकवणाऱ्याचं मानधन कुठून येणार, संध्याकाळी खोली कोण उघडणार, हे ठरवूनच संगणक द्यायला हवेत.

आम्हाला ढीगभर लॅपटॉप नकोत. चार आले तरी चालतील, पण चार्जरसकट आणि चालू स्थितीत यावेत. आणि ऐरोली-दिघा भागात राहणाऱ्या, रविवारी सकाळी दोन तास मराठीतून शिकवू शकणाऱ्या माणसांची गरज त्याहून जास्त आहे.