‘नुसती स्टाइल मारतो!’

परवा आम्ही पाच-सहा सिनेमावेडे जमलो होतो. रात्री दीडच्या सुमाराला गाडी नेहमीच्या रुळावर आली. एकाने हॉलिवुड दिग्दर्शक झॅक स्नायडरचं नाव काढलं, दुसरा लगेच उसळला, “अरे, नुसती स्टाइल मारतो तो! आत काय आहे? बडा घर पोकळ वासा.” त्यावर पहिला म्हणाला, “आणि तुझा नोलन? कोट घातलेली माणसं गंभीर चेहऱ्याने एकमेकांना फिजिक्स शिकवतात, तो आशय?” मग मायकेल बे आला, कॅमेरॉन आला, कुणीतरी ‘स्टोरीच नाही राव’ हे ठेवणीतलं अस्त्र काढलं, आणि तीन वाजता सगळे आपापल्या मतासकट घरी गेले.

मी त्या दिवशी फारसं बोलले नाही. (हो, असं होतं कधीकधी.) पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. हा वाद आपल्याला नवा नाही. मराठीत फडके आणि खांडेकरांच्या नावाने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हे भांडण किती वर्षं चाललं! तिथेही अर्धी माणसं घाटाकडे (म्हणजे रचनेकडे) आणि अर्धी आशयाकडे उभी होती, जणू डबा आणि डब्यातला माल वेगळा काढून ठेवता येतो. सिनेमात तर तो मुळीच काढता येत नाही, कारण पडद्यावर जे पोचतं ते शॉटमधूनच पोचतं. कॅमेरा कुठे ठेवला, कधी कापलं, आवाज कधी बंद केला, यातूनच आपल्याला कळतं की कुणाची बाजू घ्यायची आणि कशाला घाबरायचं.

म्हणून ‘शैली की आशय’ हा प्रश्न मी आता विचारत नाही. मी विचारते, ही शैली आहे की सवय?

स्नायडरचंच उदाहरण घेते, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात आळशी टीका होते. ‘३००’ आठवा, पर्शियाच्या सैन्याशी लढणाऱ्या स्पार्टाच्या राजाचा आणि त्याच्या तीनशे योद्ध्यांचा सिनेमा. संथगतीत उडणारं रक्त, मध्येच वेग घेणारा भाला, तांब्यासारखी चमकणारी शरीरं, राक्षसासारखे शत्रू. भडक, अतिशयोक्त, इतिहासाशी फारसं देणंघेणं नाही. पण ही गोष्ट सांगतंय कोण? डिलिओस. एक डोळा गमावलेला सैनिक, ज्याला राजाने मुद्दाम परत पाठवलंय. आणि तो सांगतोय कुणाला? प्लाटियाच्या लढाईला निघालेल्या सैन्याला. अशा माणसाने शत्रू माणसाएवढाच उंच होता असं सांगितलं असतं का? आपला राजा घामेजला, दमला, घसरून पडला असं? तो फुगवूनच सांगणार. म्हणजे ती सगळी संथगती आणि सगळा भपका निवेदकाच्या तोंडचा आहे. तिथे स्टाइल हाच आशय आहे: युद्धाची दंतकथा कशी रचतात, ते आपण प्रत्यक्ष रचलं जाताना बघतो. तुम्हाला ती दंतकथा आवडणार नाही, घातकही वाटेल (मला काही जागी वाटते), पण पोकळ म्हणता येणार नाही.

आता तोच दिग्दर्शक, दोन-तीन वर्षांनंतर, २००९चा ‘वॉचमेन’, मुखवटे घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्यांच्या एका कॉमिकवरून केलेला. त्याची श्रेयनामावली मी आजही कुणालाही उठवून दाखवीन. बॉब डिलनचं गाणं चालू आहे, आणि जवळजवळ गोठलेल्या चित्रांमधून एका पर्यायी अमेरिकेची कित्येक दशकं सरकताहेत. फोटोसाठी उभे राहिलेले मुखवटेवाले, आणि हळूहळू त्यांची होत गेलेली वाताहत. ते संथ असणं तिथे गरजेचं आहे, कारण आपण एक जुना अल्बम चाळतोय.

आणि मग मारामारी सुरू होते. या गोष्टीत खरी अलौकिक शक्ती एकट्या डॉ. मॅनहॅटनकडे आहे. बाकी सगळी वय झालेली, पोट सुटलेली, आतून मोडलेली माणसं आहेत, आणि ती विचित्र पोशाख घालून रस्त्यावर उतरतात. मूळ कॉमिकचा दंश तिथेच आहे. सिनेमात मात्र हीच माणसं भिंती फोडतात, हाडं काडकन मोडतात, आणि कॅमेरा पुन्हा तीच संथगती लावून म्हणतो, वा! गोष्ट सांगतेय की ही माणसं केविलवाणी आहेत, कॅमेरा सांगतोय की ही देखणी आहेत. हा विरोधाभास मुद्दाम केलाय असं त्याचे चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. मला तिथे एक हात दिसतो, जो ‘३००’मध्ये यशस्वी झाला आणि आता आपोआप त्याच बटणाकडे जातो. याला मी सवय म्हणते.

माझ्या मित्राने ‘नुसती स्टाइल मारतो’ म्हणताना हे दोन्ही सिनेमे एकाच पोत्यात भरले. माझी तक्रार त्या पोत्याबद्दल आहे.

बेबद्दल थोडक्यात. तो जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओंमधून आला, आणि जाहिरातीत प्रत्येक शॉटला स्वतःला विकावं लागतं. १९९५च्या ‘बॅड बॉइज’मध्ये तो कॅमेरा जमिनीलगत ठेवून दोघांभोवती गोल फिरवतो, ते बघताना आजही अंगात वीज सळसळते. पुढे पुढे मात्र माणूस गाडीतून उतरला तरी तोच थाट, फोन उचलला तरी तोच. प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह असलं की ओरडणारा आणि बोलणारा यातला फरकच संपतो. तरीही ज्यांना बे म्हणजे निव्वळ कचरा वाटतो त्यांच्या माहितीसाठी: ‘द रॉक’ आणि ‘आर्मगेडन’ हे दोन्ही सिनेमे निवडक, महत्त्वाचे सिनेमे डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन कलेक्शनने प्रसिद्ध केले होते, आणि ‘आर्मगेडन’वर कौतुकाचा निबंध लिहिला जनीन बेसिंगर यांनी. त्या चित्रपट-इतिहासाच्या नावाजलेल्या अभ्यासक, आणि विद्यापीठात बेच्या प्राध्यापिका. विद्यार्थ्याचं कौतुक म्हणून सोडून देता येईल, पण मी नाही सोडत.

हल्ली सगळा दोष वेगवान कटिंगवर ढकलायची पद्धत आहे. वेग वाढला हे खरंच. डेव्हिड बॉर्डवेल या अभ्यासकाने शॉट मोजून दाखवलं होतं की १९३० ते १९६० या काळात हॉलिवुडच्या सिनेमात एक शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद टिकायचा, आणि शतक संपता संपता तो ३ ते ६ सेकंदांवर आला. पण वेग हाच गुन्हा असेल तर २०१५च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’चं काय करायचं? दोन तासांत सुमारे २७०० कट्स! आणि तरीही कोण कुठल्या गाडीवर आहे, कोण खाली पडलं, कुणाच्या हातात काय आहे, यात एकदाही गोंधळ होत नाही. कारण जॉर्ज मिलर आणि छायालेखक जॉन सील यांनी महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मध्यभागी ठेवली. कट झाला तरी आपली नजर जिथे होती तिथेच पुढची गोष्ट हजर. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं, आणि ते त्या वर्षीच्या सगळ्यात रास्त पारितोषिकांपैकी एक होतं. त्या सिनेमाची गोष्ट एका ओळीत मावते: जातात, आणि परत येतात. पण बायकांना मालमत्ता समजणारं जग कसं दिसतं हे त्यातल्या गाड्या, साखळ्या, दुधाच्या टाक्या आणि चेहऱ्यावरचे मुखवटे सांगतात. संवाद फारसे नाहीतच.

आता नोलन. इथे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय.

आपल्याकडे (म्हणजे सिनेमावेड्यांमध्ये, आणि यात मीही आले) एक भाबडा समज आहे की पात्रं मोठ्या गोष्टींबद्दल बोलली म्हणजे सिनेमात मोठा आशय आला. रंग उतरलेले, पार्श्वसंगीत छातीवर बसणारं, चेहऱ्यावर हसू नाही, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी काळ, भीती, अपराध किंवा प्रेम यावर एक वाक्य टाकतो. ही खोली आहे का? कधी असते. पण अनेकदा ती खोलीची वेशभूषा असते. गांभीर्य हीसुद्धा एक स्टाइलच आहे, आणि तीही मारता येते! लाल स्पोर्ट्स कार दिसली की आपण लगेच ‘भपका’ म्हणतो. करडा कोट दिसला की मात्र आदराने गप्प बसतो.

नोलनच्याच सिनेमात याचा पुरावा आहे. ‘इंटरस्टेलर’मध्ये प्रेम हे काळ आणि अवकाश ओलांडून जाणारं काहीतरी आहे, असं एक पात्र चांगलं समजावून सांगतं. मी तो प्रसंग तीनदा बघितलाय, तीनदा अस्वस्थ झालेय, आणि चांगल्या अर्थाने नाही. पण त्याच्या आधी एक प्रसंग आहे. अंतराळवीर एका पाण्याच्या ग्रहावर उतरतात, आणि तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक कूपर यानावर परत येतो तोवर २३ वर्षं उलटलेली असतात. तो बसतो, आणि घरून आलेले, साठलेले निरोप एकामागून एक लावतो. मुलगा मोठा होतो, त्याला मूल होतं, मग बापाची आशा सोडतो. कॅमेरा काहीही करत नाही. एक चेहरा आणि एक पडदा. ‘काळ आणि प्रेम’ या विषयावर अख्ख्या सिनेमात जे सांगायचं होतं ते तिथे सांगून झालंय. नंतरचं भाषण आपल्याला कळलं नसेल या भीतीपोटी आलंय.

म्हणूनच मला ‘डंकर्क’ हा दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांच्या सुटकेचा सिनेमा त्याचा सगळ्यात पक्का वाटतो. किनाऱ्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस, आकाशातला एक तास, तिन्ही एकमेकांत विणलेले. १०६ मिनिटं. जवळजवळ कुणीच काही समजावत नाही. ज्यांना ‘पात्रंच कळत नाहीत’ अशी तक्रार होती त्यांना मी विचारीन, बॉम्ब पडत असताना शेजारच्या माणसाचं बालपण तुम्ही विचारलं असतंत का? ती तीन काळांची वीण म्हणजे काही बुद्धीचा खेळ नव्हे. वाट बघणाऱ्याचा वेळ आणि विमानातलं इंधन संपत आलेल्याचा वेळ एकसारखा नसतो, एवढंच ती सांगते. हे संवादात लिहून बघा, किती बाळबोध वाटेल.

तसंच कॅमेरॉनचं. ‘टायटॅनिक’ला १४ नामांकनं मिळाली, ११ ऑस्कर मिळाले, आणि पटकथेला साधं नामांकनही नव्हतं. संवाद बाळबोध आहेत हे मला मान्यच आहे. पण सुरुवातीचा तो प्रसंग आठवा: म्हातारी रोझ बसलीय आणि मोहिमेतला एक जण कॉम्प्युटरवर जहाज कसं बुडालं ते दाखवतोय. पाणी कुठून शिरलं, मागचा भाग कसा उचलला गेला, कुठे तुटला. अगदी मजेत सांगतो. ती थंडपणे म्हणते की प्रत्यक्ष अनुभव जरा वेगळा होता. आपण हसतो आणि विसरतो. पण पुढे जहाज खरंच बुडू लागतं तेव्हा कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही, कारण नकाशा आपल्या डोक्यात आधीच आहे. त्या शेवटच्या तासात फक्त माणसं बघायची. ही पटकथाच आहे! फक्त ती टाळ्या घेणाऱ्या वाक्यांत नाही, म्हणून ती कुणी मोजली नाही.

हिचकॉकचं तर जगजाहीरच आहे. उत्कृष्ट दिग्दर्शनासाठी पाच नामांकनं आणि ऑस्कर एकदाही नाही. कित्येकांच्या लेखी तो कसबी करमणूकदार होता. त्याच्या ‘व्हर्टिगो’त कॅमेरा एका दिशेने सरकतो आणि त्याच वेळी झूम उलट दिशेने जातो, तेव्हा पायाखालचा जिना ताणला जातो. १९५८ साली हीच युक्ती आली, १९७५ साली स्पीलबर्गने ती ‘जॉज’ या शार्कच्या सिनेमात किनाऱ्यावर बसलेल्या पोलिसप्रमुखाच्या चेहऱ्यावर वापरली. एकीकडे उंचीची भीती, दुसरीकडे ‘मी किनारा बंद करायला हवा होता’ ही भीती. युक्ती एकच, अर्थ दोन. २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या सिनेमाविषयक मासिकाच्या मतदानात समीक्षकांनी तोच ‘व्हर्टिगो’ सर्वकाळातला पहिल्या क्रमांकाचा सिनेमा ठरवला. (पन्नास वर्षांनी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ पहिला येईल असं मी म्हणत नाहीये. कमेंटमध्ये सुरू होऊ नका.)

एक प्रयोग मात्र करून बघा. कल्पना माझी नाही. २०१४ साली दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गने ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ रंग काढून, संवाद काढून, वर वेगळंच संगीत लावून आपल्या वेबसाइटवर टाकला होता, फक्त माणसं आणि कॅमेरा कुठे उभे आहेत आणि कधी सरकतात ते दिसावं म्हणून. मी घरी निदान आवाज बंद करून बघितलं. ‘फ्युरी रोड’ जवळजवळ पूर्ण कळतो. २००७च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधला वाळवंटातला हल्ला छान कळतो, आणि शेवटची शहरातली मारामारी म्हणजे भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखी दिसते. ज्या नोलनभक्तांना राग आलाय त्यांनी ‘टेनेट’ लावावा. तो आवाज चालू ठेवूनही बऱ्याच जणांना ऐकू आला नव्हता.

हे सगळं मी त्या ‘पोकळ वासा’वाल्या मित्राला फोनवर ऐकवलं. त्याने ‘३००’ पुन्हा बघितला. काल फोन आला, “अगं, तो एकडोळ्या निवेदक माझ्या लक्षातच नव्हता.” मग थोडा थांबून म्हणाला, “पण स्नायडर मी सोडणार नाहीये.”

म्हटलं, नको सोडूस. शनिवारी ये, ‘वॉचमेन’ आवाज बंद करून बघू.